‘देवाची मर्जी’ हे कोणी म्हणायचं?



21 सप्टेंबर 2020 ची पहाट आपल्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पावणेचारच्या सुमाराला झोपलेल्या माणसांसकट खाली आली. तीन मजले होते. आत राहणारी माणसं हातावर पोट असलेली. आधीच कोरोनाचं वर्ष, माग बंद पडलेले, कसेबसे पुन्हा सुरू होत होते. त्यात हे. तीसहून जास्त माणसं गेली आणि त्यात लहान लेकरं बरीच होती. ढिगारा उपसायला कितीतरी दिवस लागले.

त्या आठवड्यात भिवंडीत एकच वाक्य दोन भाषांत ऐकू येत होतं. कोणी म्हणे, अल्लाह की मर्जी. कोणी म्हणे, देवाची मर्जी. ढिगाऱ्यापाशी बसलेली बाई ते म्हणाली तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. तिचं सगळं गेलं होतं आणि तिला धरायला तेवढंच उरलं होतं. पण थोड्याच दिवसांनी एका दुसऱ्या मोडकळीस आलेल्या इमारतीचा मालक चहाच्या टपरीवर हेच वाक्य म्हणताना मी ऐकला. त्याच्या इमारतीला तडे गेलेत असं भाडेकरू सांगत होते, आणि हा वर बोट दाखवून म्हणाला, ‘वरच्याच्या मनात असेल तसं होईल.’ तेव्हा मला राग आला. शब्द तेच होते, मग एकीचं ऐकून डोळे भरले आणि दुसऱ्याचं ऐकून तळपायाची आग मस्तकात का गेली?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मुलखात माणसांवर मोठी संकटं आली तेव्हा तेव्हा तो पुढे आलाय. म्हणून आज मी तुम्हाला आधी चारशे वर्षं मागे नेते, देहूला.

1630 साल. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला ते हेच वर्ष. आपण पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो, पण त्या वर्षी किल्ल्याखाली काय चाललं होतं ते फारसं बोलत नाही. पाऊस गेला होता. एक वर्ष नाही, लागोपाठ. गुजरातपासून दख्खनपर्यंत सगळा मुलूख करपला. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी त्या वेळी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला होता. त्यानं लिहून ठेवलंय की वाटेवरची गावं ओस पडली होती आणि रस्त्याच्या कडेला प्रेतं पडली होती. त्याच बऱ्हाणपुरात शहाजहान बादशहाचा तळ होता. दख्खन जिंकायला आलेलं त्याचं भलंमोठं लष्कर, त्याचे हत्ती, घोडे, बैल, या सगळ्यांना खायला लागतच होतं. इकडे आदिलशाही फौजेनं पुणं जाळलं आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे बघा, आभाळातून पाणी आलं नाही ते माणसाच्या हातात नव्हतं. पण होतं तेवढं धान्य कुणाच्या पोटात जाणार, ते आभाळानं ठरवलेलं नव्हतं.

देहूत त्या वेळी तुकाराम नावाचा एक तरुण वाणसामानाचं दुकान आणि सावकारी सांभाळत होता. विशीतला असेल. घर खाऊनपिऊन सुखी होतं, गावात महाजनकी होती. आईवडील वारले होते, थोरल्या भावाची बायको वारली आणि तो भाऊ तीर्थयात्रेला निघून गेला. तुकारामांना दोन बायका होत्या. थोरली रखमा, तिला दम्याचा त्रास होता. धाकटी जिजाई, तिलाच आपण आवली म्हणतो. ती पुण्याच्या गुळव्यांची लेक, सावकाराघरची.

दुष्काळात दुकान बुडालं. गुरं गेली. उधारी वसूल होईना, कारण देणाराच उपाशी. आणि रखमा भुकेनं मेली. तिच्यामागे थोरला मुलगा संतोबाही गेला. हे काही नंतरच्या कीर्तनकारांनी रचलेलं नाही. बुडालेल्या धंद्याचं आणि अन्नावाचून गेलेल्या बायकोचं तुकारामांनी स्वतःच्या अभंगात सांगून ठेवलंय. महाजनाच्या घरची सून अन्नाअन्नाला मोताद होऊन गेली, याची लाज वाटली असंही ते लपवत नाहीत. मला त्यांची ही गोष्ट फार मोठी वाटते. संत झाले म्हणून त्यांनी घरातलं मरण गोड करून सांगितलं नाही.

मग त्यांनी काय केलं? आपल्याला ठाऊक आहे ते हे, की ते भामगिरीच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले आणि विठ्ठलाचं नाव घेऊ लागले. पण त्याच सुमाराला केलेल्या आणखी दोन गोष्टी मागे पडतात. एक, पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ त्यांनी पुन्हा उभं केलं. दुसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. घरात सावकारीची खतं होती, म्हणजे लोकांनी कर्ज घेतल्याचे कागद. धाकटा भाऊ कान्होबा याला त्याची निम्मी वाटणी दिली आणि आपल्या वाट्याचे कागद तुकारामांनी इंद्रायणीत बुडवले.

बचत गटातल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कर्जाचा कागद म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. दुष्काळातून वाचलेल्या कुणब्याच्या डोक्यावर ते जुनं देणं होतं. पाऊस पडून पहिलं पीक आलं असतं तर ते आधी सावकाराच्या घरात गेलं असतं. ज्याचं स्वतःचं घर उद्ध्वस्त झालं त्या माणसाला हे कागद म्हणजे पुन्हा उभं राहण्याचं एकमेव साधन होतं, आणि ते त्यानं पाण्यात सोडलं. सगळं विठ्ठलाच्या हातात आहे असं मानणाऱ्या माणसानं आपल्या हातात होतं ते आधी मोकळं केलं.

आता आवलीबद्दल बोलते, कारण ती राहिली तर ही गोष्ट अर्धीच. नवरा डोंगरावर, दुकान बसलेलं, कर्जाचे कागद नदीत. मागे पोरं. ती कुणी पोसली? आवलीनं. रोज घरचं आवरून ती भाकरी बांधून डोंगर चढायची आणि नवरा सापडेपर्यंत हाका मारत फिरायची. कीर्तनात तिला कजाग म्हणून रंगवतात, लोक हसतात. मला कधी हसू आलं नाही. तिची एक कथा तुम्ही ऐकली असेल. डोंगर चढताना तिच्या पायात काटा रुतला, रक्त आलं, आणि ती त्या काळ्या विठोबाला शिव्या देऊ लागली. तेव्हा विठोबानंच येऊन तिचा पाय हातात घेतला आणि काटा काढला. घडलं की नाही हा इतिहासाचा प्रश्न नाही, ती दंतकथा आहे. पण ती सांगणाऱ्या लोकांनी आवलीच्या बाजूनं देवाला वाकवलं, एवढं खरं. ज्या बाईनं देवाला शिव्या दिल्या तिच्याकडे देव पाठ करून गेला असं त्यांना म्हणावंसं वाटलं नाही. दुःखात देवाशी भांडणं म्हणजे देव सोडणं नव्हे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. तिचाच मुलगा नारायण महाराज. 1685 साली त्यानं देहूहून पालखी सुरू केली. आषाढात लाखो पावलं ज्या वाटेनं पंढरीला जातात, त्या वाटेमागे त्या भाकरीही आहेत.

हे झालं एक घर. आता दुसरं सांगते, आणि ते ऐकायला जड आहे.

1858 साली जन्मलेली एक मुलगी, रमा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. हे कुटुंब गावोगाव पायी फिरून पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं. श्रद्धा अशी की जवळ होतं नव्हतं ते सगळं तीर्थांत, दानात, ब्राह्मणभोजनांत घातलं. देव बघून घेईल. 1870 नंतर दक्षिणेत दुष्काळाची वर्षं आली आणि पुराण ऐकायला कोणी उरलं नाही. भीक मागायची नाही आणि मोलमजुरी करायची नाही, कारण शास्त्र्याच्या घराला ते शोभत नाही. झाडपाला खाऊन दिवस काढले. शेवटी सगळ्यांनी रानात जाऊन मरायचं ठरवलं. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. पण उशीर झाला होता. वडील गेले. थोड्याच आठवड्यांत आई गेली. मग थोरली बहीण गेली.

आई आजारी असताना भाकरीचा तुकडा मागत होती. सोळा वर्षांची रमा शेजारच्या दारात गेली. घरातली बाई मायेनं विचारत होती आणि रमाच्या तोंडून शब्द फुटेना. मागायचं कसं ते तिला कधी शिकवलंच नव्हतं. मोठ्या कष्टानं ते शब्द बाहेर आले आणि बाजरीची भाकरी मिळाली. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात म्हणून रमेनं खांदा दिला. उंची कमी पडत होती म्हणून तिनं तो दांडा डोक्यावर घेतला.

हीच पुढे पंडिता रमाबाई. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 साली नवरा पटकीनं गेला. पदरात तान्ही मनोरमा. तेवीस-चोवीस वर्षांच्या वयात एवढी मरणं. 1883 साली इंग्लंडमध्ये तिनं ख्रिस्ती धर्म घेतला. त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते वेगळ्या भाषणाचा विषय आहे, आज त्यात शिरत नाही. मला आज एवढंच सांगायचंय की लहानपणी जिच्या घरानं देवावर भरवसा ठेवून सगळं गमावलं, ती मोठेपणी देवावरचा भरवसा सोडून बसली नाही. तिनं त्याची रीत बदलली.

1896 साली पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई पुण्यात शारदा सदन चालवत होत्या, विधवा मुलींची शाळा आणि घर. त्या स्वतः उठून दुष्काळी भागात गेल्या. लोक म्हणाले, पैसे कुठून आणणार? त्यांनी जवळ होतं तेवढ्यावर आणि देवावर भार टाकून सुरुवात केली आणि शेकडो भुकेल्या मुली आणि बाया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग सुरू झाला होता, सरकारनं शहरात आणखी मुली ठेवायला मनाई केली. तेव्हा दौंडजवळ केडगावला आधी घेतलेल्या जमिनीवर त्यांनी राहुट्या ठोकल्या. तेच मुक्ती सदन. 1900 च्या सुमाराला, गुजरातच्या दुष्काळातून आणलेल्या मुली धरून, तिथे दोन हजारांच्या आसपास बाया आणि मुलं होती. विहिरी खणल्या होत्या. बाया माग चालवत होत्या, तेलघाणा चालवत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. ज्या घरात मजुरी करणं हलकं मानलं म्हणून माणसं उपाशी मेली, त्या घरच्या लेकीनं प्रार्थनेच्या शेजारी माग उभा केला. भिवंडीच्या बायांना त्या मागाचा खडखडाट ऐकू यायला हरकत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी रमाबाईंना आज बोलावलं. 1897 साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात त्यांच्या सदनातली एक तरुण मुलगी सरकारी छावणीत नेली गेली आणि परत आली नाही. रमाबाईंनी ‘देवाची इच्छा’ असं म्हणून ते गिळलं नाही. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. बायकांना तिथे कसं ठेवतात, त्यांच्या अब्रूची काळजी कोण घेतं, हे उघड विचारलं. गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोचली. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांचं म्हणणं चुकीचं आणि दिशाभूल करणारं ठरवलं. त्यांनी माघार घेतली नाही. प्लेग येणं देवाकडे असेल, पण एका मुलीची नोंद न ठेवणं हे सरकारी दप्तराकडे होतं, आणि ज्याचं त्याच्याकडे मागायचं हे त्या बाईला नीट कळत होतं.

1921 च्या जुलैत एकुलती एक मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलात, 5 तारखेला, रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रितं तपासत होत्या. त्या रात्री त्या काय म्हणून रडल्या असतील ते आपल्याला कोण सांगणार.

आपल्या आयांच्या आठवणीतला 1972 चा दुष्काळ या दोन्हींशेजारी ठेवून बघा. पाऊस तेव्हाही नव्हता. विहिरींनी तळ गाठला होता. पण 1630 सारखी प्रेतं रस्त्यावर पडली नाहीत. सरकारनं कामं काढली, बाया खडी फोडायला गेल्या, पाझर तलाव खणले, हातात रोज आला. सुकडी आणि लाल मिलो खाऊन का होईना, माणसं जगली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या त्या बाया सकाळी देवाला हात जोडूनच कामावर जात होत्या. मुकादमानं हजेरी कमी लावली तर त्याच्याशी भांडतही होत्या.

आता परत भिवंडीत येऊ.

आपल्या गावावर इमारती पडण्याआधी दुसरंच संकट दोनदा कोसळलं होतं. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. 70 हून जास्त माणसं गेली, माग जळाले, घरं जळाली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं चौकशी केली. तरी 1984 च्या मे महिन्यात पुन्हा पेटलं, आणि भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून जास्त जीव गेले. तेव्हा बाहेरचे लोक म्हणत, भिवंडीचं नशीबच असं. आपल्यातलेही काही म्हणत, जे लिहिलंय ते होणार.

1988 च्या सुमाराला सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या. त्या गल्लीतलीच माणसं, हिंदू आणि मुसलमान बरोबरीनं, आणि त्यांच्यासोबत एक पोलिस. नळाचं भांडण, गटाराचं, लाउडस्पीकरचं, पोरांच्या मारामारीचं, सगळं तिथे बसून मिटवायचं. भांडणं छोटी असतानाच तोंडओळख झाली की मोठ्या दिवशी अफवा चालत नाही, असा साधा हिशेब. 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत मुंबई जळत होती. भिवंडी पेटली नाही. जी भिवंडी दोनदा राख झाली होती ती. खोपड्यांनी पुढे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’

त्या दिवसांत ज्या घरांतून सबूर धरून बसलेल्या बाया होत्या, त्या सांगतात की रात्रभर दुवा मागितली, जप केला. आणि त्याच रात्री गल्लीच्या तोंडाशी दोन्हीकडची माणसं मिळून पहारा करत होती. यातलं कुठलं कामाला आलं असं मला कोणी विचारलं तर मी त्या वादात पडणार नाही. ज्या बाईनं रात्र काढली तिच्यासाठी ती दोन वेगळी कामं नव्हती.

म्हणून जिलानी इमारतीपाशी बसलेल्या त्या बाईला मी कधीच सांगणार नाही की मर्जीबिर्जी काही नसते. तिचं ते वाक्य तिचं आहे, तिनं ते स्वतःच्या तोंडानं म्हटलंय आणि त्याच्या आधारानं ती उद्याचा दिवस काढणार आहे. आपण फार तर तिच्या शेजारी बसावं आणि ती रडेल तेव्हा रडू द्यावं. पण तेच वाक्य दुसऱ्या कोणी तिच्या तोंडात घालू नये. मालकानं नाही, कंत्राटदारानं नाही, साहेबानं नाही. आणि शेजारणीनं, सासूनं, आपणसुद्धा नाही. ज्याचं गेलं त्याच्याआधी ते म्हणायची आपल्याला घाई होते, कारण ते म्हटलं की आपली जबाबदारी संपते. मीही हे केलंय. आमच्या शेजारची तरुण सून बाळंतपणात गेली तेव्हा तिच्या आईला मी पहिल्याच दिवशी म्हटलं, ‘तिचं आयुष्यच तेवढं होतं.’ गाडी वेळेवर का मिळाली नाही हे मी विचारायला हवं होतं. ती माउली माझ्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं अजून आठवतं.

दर वर्षी पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. तुमच्या गावातली, नात्यातली कितीतरी माणसं भिवंडीत भाड्यानं राहतात. त्या यादीत त्यांच्या इमारतीचं नाव आहे का, हे गटाच्या पुढच्या बैठकीत एकीनं वाचून दाखवा. नोटीस आली असेल तर घर सोडून जायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो पालिकेला लेखी विचारायचा असतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. बैठक सुरू करताना दिवा लावत असाल तर तो लावा, दुवा मागत असाल तर ती मागा.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा भेटू. नमस्कार.